हातचा एक

सप्टेंबरची पेन्शन दहा तारखेला जमा झाली
आणि मी चौकटीची वही काढली.
बाहेर लोक अजून बाह्या दुमडून आइस्क्रीम खातायत,
विस्तुला नदी आळसावून तोरून शहराला वळसा घालतेय,
आणि मी लिहिते: नाताळ.
खाली रेघ. पट्टीनं, झेनोन मारायचा तशी.

चोवीसच्या रात्री बारा पदार्थ लागतात.
अकरा चालत नाहीत.
पैसे कमी पडले की उकडलेल्या बटाट्यालाही मी पदार्थ म्हणते.
कार्प मासा: गेल्या वर्षीचा भाव, वर सहा झ्लॉटी.
खसखस: आत्ताच घ्यावी,
डिसेंबरात दुकानदार ती सोन्यासारखी तोलतो.
सुकी अळंबी: शून्य, रानातून मीच वेचून आणते.
मग बसचं भाडं आठवतं,
शून्य खोडून तिथे चौदा.

मधाच्या केकचं पीठ नोव्हेंबर लागला की मळायचं,
मातीच्या भांड्यात, वर फडकं, बाल्कनीतल्या गारठ्यात.
सहा आठवडे ते नुसतं पडून राहतं
आणि पडल्या पडल्या सुधारतं.
माझंही तसंच आहे, झेनोन म्हणायचा,
आणि सोफ्यावर आडवा व्हायचा.

मी नाट्यगृहात कोट सांभाळते.
उन्हाळ्यात नुसत्या खुंट्या.
थंडी पडली की माणसं जड होतात,
कोट देतात, पितळी बिल्ला नेतात,
परतताना दोन झ्लॉटीचं नाणं ठेवतात, किंवा नाही.
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी आहे, तिच्यात ती नाणी.
शोकांतिकेला जास्त पडतात, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण.
विनोदी नाटकाचे लोक हसत हसत तसेच निघून जातात.

रादेक नॉर्वेत मासे कापतो.
येणार का, विचारलं तर म्हणतो, "बघू, आई."
बघू हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
म्हणून दोन रकाने आखले.
आला तर. नाही आला तर.
दोन्हींतला फरक एकशे ब्याऐंशी झ्लॉटी.
पुन्हा मांडून पाहिला. तेवढाच.
दारातून वाकून आत येणारं एवढं थोरलं पोर,
आणि एकशे ब्याऐंशी?

शिवाय ते ताट.
टेबलावर एक जास्तीचं, रिकामं मांडायचं,
अवचित कुणी आलं तर म्हणून.
माझ्या हयातीत कुणी आलेलं नाही.
एकदा बेल वाजली, तर खालच्या यादविगाबाई, मीठ मागायला.
त्याही बसल्या नाहीत.
झेनोन दर वर्षी लिहायचा: रिकामं ताट, शून्य.
शून्य मात्र छान गोल काढायचा.

एक्केचाळीस नंबरच्या खुंटीवर
फेब्रुवारीपासून एक कोट लटकतोय.
करडा. डाव्या कोपरावर रफू.
खिशात लिमलेटची एक गोळी, बाकी काही नाही.
नियम सहा महिन्यांचा, मग गरिबांच्या पेटीत.
ऑगस्ट उलटला. मॅनेजरबाई विचारतात.
मी म्हणते, उद्या.
बाहेर बर्फ असताना
माणूस कोट विसरून निघतो तरी कसा?
आणि पोचतो कुठे?

आज बेरीज मांडली.
एककाची आली सतरा.
सात खाली, हातचा एक.
तो एक लिहिताना पेन अडलं.
हातचा विसरलीस की सगळं चुकतं, शाळेत बाई म्हणायच्या.
आणि आम्ही इतकी वर्षं ताट मांडलं,
सूप मोजून, पिरोगी मोजून.
खरंच कुणी बर्फ झटकत दारात उभं राहिलं असतं
तर काय वाढलं असतं? ताट?

झेनोनचं शून्य यंदा उतरवलं नाही.
त्या जागी लिहिलं:
पिरोगी चार. बीट एक.
माशाचा तुकडा, शेपटीकडचा नव्हे.
साडेतेवीस झ्लॉटी,
रादेकच्या दोन्ही रकान्यांत सारखेच.

म्हणजे बरणीत अजून बारा नाणी हवीत.
ऑक्टोबरात नवं नाटक लागतंय.
शेवटी राजा मरतो म्हणे.